महामारी संपली, आता कामाची आणि घराची घडी नव्याने कशी बसवायची

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महामारी म्हटलं, ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि मधल्या काळात आपण जे जे तात्पुरतं म्हणून केलं तेच आता कायमचं होऊन बसलंय. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला तो तिथून हललाच नाही. रात्रीची मीटिंग कुणीतरी "आजच्या दिवस घेऊ" म्हणून लावली होती, ती अजून चालूच आहे. या सवयी आपण काही ठरवून लावून घेतल्या नाहीत, अंगावर येऊन पडल्या, त्यामुळे आता एकदा शांत बसून ठरवावं लागेल की यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय.

सुरुवात वहीपासून करा. दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून लिहायचं की आज कुठलं काम एकट्याने शांत बसून झालं आणि कुठल्या कामाला समोर माणूस लागला. रिपोर्ट लिहिणं, हिशोब, कोडिंग हे बहुतेक घरून बरं होतं, नवीन माणसाला शिकवणं, भांडण मिटवणं, काहीतरी नवीन सुचवणं याला समोरासमोर बसणं बरं पडतं, पण तुमचं वेगळं असू शकतं म्हणून तर लिहायचं. आणि तुमचं काम घरून होण्यासारखंच नसेल (नर्स, ड्रायव्हर, दुकान, कारखाना, असे लोक खूप आहेत आणि अशा लेखांत त्यांना कुणी विचारत नाही) तर मधले सगळे भाग सोडून थेट खालच्या हवेच्या भागावर या, तो तुमच्या जास्त कामाचा आहे.

वही भरली की मग बॉसशी बोला, पण "मला घरून जमतं" एवढंच नको, कुठलं काम कुठल्या दिवशी कुठे बसून करणार ते सांगा. घरून काम ही काही महामारीची आयडिया नाही, टेलिकम्यूटिंग (म्हणजे ऑफिसला न जाता दुरूनच काम करणं) हा शब्द अमेरिकेतल्या जॅक निलेस यांनी १९७० च्या दशकातच आणला होता, पण साहेब लोकांचा विश्वास बसायला विषाणू यावा लागला. बोलताना हाताशी एक अभ्यास ठेवा, अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत १६०० च्या वर कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला, निम्म्यांना आठवड्यातले २ दिवस घरून काम दिलं, तर त्यांच्यात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामाच्या दर्जात किंवा प्रमोशनमध्ये काही फरक पडला नाही. २०२४ मध्ये हे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. पूर्ण वेळ घरून काम करण्याबद्दल हा अभ्यास काही म्हणत नाही बरं का, तेवढं ताणू नका.

एक गोष्ट मात्र टीमने मिळून ठरवायची, ऑफिसचे दिवस सगळ्यांचे एकच हवेत. मी बरेच दिवस प्रवास करून ऑफिसला जायचो आणि तिथे कानात हेडफोन घालून घरी बसलेल्या टीमशी व्हिडिओ कॉलवर बोलायचो. याला काय अर्थ आहे?

आता घरून कामाचा खरा त्रास. प्रवास गेला याचा सगळ्यांना आनंद झाला, पण त्या प्रवासात डोकं कामातून बाहेर पडायचं, ते पण गेलं. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर चालून या, अगदी घराला एक चक्कर मारलीत तरी चालेल, आणि काम संपलं की लॅपटॉप बंद करून बॅगेत घाला, नुसता मिटून ठेवू नका, मिटलेला लॅपटॉप पाच मिनिटांत परत उघडतो. मोबाईलवरचे कामाचे नोटिफिकेशन ठराविक वेळेनंतर बंद. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर डिस्कनेक्ट होण्याचा हक्क कायद्यात आहे, तुमच्याकडे कायदा असो नसो, टीममध्ये तोंडी नियम तर करता येतो की सात नंतर फोन फक्त आग लागली तरच. हे लाडाचं बोलणं नाही, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ) २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त दिसला होता.

व्हिडिओ कॉलने थकायला होतं त्याचं कारण पण माहीत आहे, सतत जवळून दिसणारे डोळे, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, हलायची सोय नाही, आणि हावभाव कळायला आणि कळवायला जास्त मेहनत. स्वतःचा चेहरा लपवायचं बटण असतं ते दाबा, खिडकी छोटी करा, आणि दोघांचंच बोलणं असेल तर साधा फोन लावून चालत बोला.

हवा. मला विचाराल तर सगळ्यात मोठा धडा हाच आणि सगळ्यात आधी विसरलो तोही हाच. सुरुवातीला आपण पिशव्या पुसत बसलो, दाराच्या कड्या पुसल्या, नंतर कळलं की हा विषाणू मुख्यतः श्वासातून हवेत येतो आणि बंद खोलीत तरंगत राहतो. (हात २० सेकंद धुवायची सवय ठेवाच, पोटाच्या आजारांना ती उपयोगी आहे.) खोलीतली हवा किती शिळी झालीय ते कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर कळतं, बाहेर साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, आत ८०० च्या आसपास राहिला तर ठीक, १५०० च्या वर गेला म्हणजे तुम्ही एकमेकांचा श्वास घेताय. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की आकडा भराभर उतरतो. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, तो लावला म्हणजे हवा बदलली असं होत नाही. खिडकीच नसेल तर हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारी जाळी असलेला) प्युरिफायर ठेवा, फक्त लक्षात ठेवा की तो विषाणूचे कण पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही, म्हणून प्युरिफायर चालू असूनही मीटरचा आकडा तसाच दिसेल, त्याने घाबरू नका. ऑफिसात, वर्गात, दुकानात, कुठेही मीटर नेऊन आकडा दाखवा, "इथे कोंदट वाटतं" म्हटलं तर कोणी ऐकत नाही, आकडा दाखवला की लोक खिडकी उघडतात.

आजारी असताना कामावर जाणं याला पूर्वी निष्ठा म्हणायचे. ते बंद करा, आणि तुम्ही टीम चालवत असाल तर पहिली रजा तुम्ही घ्या, कारण साहेब खोकत आला की सगळे खोकत येतात. जावंच लागलं तर नीट बसणारा एन-९५ मास्क लावा, नाकाखाली लटकवलेला मास्क हा नुसता दागिना.

ज्यांना लाँग कोविड झालाय, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने त्रास चालू आहे, त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना थोडं जास्त काम केलं की त्याच दिवशी नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम गळून जायला होतं, त्यामुळे "हळूहळू व्यायाम वाढव, होईल ठीक" हा सल्ला त्यांना उलटा पडू शकतो. असा सहकारी असेल तर कामाचे तुकडे पाडून द्या, मध्ये विश्रांती ठेवा, मीटिंग सकाळी हवी की दुपारी हे त्यालाच विचारा, आणि कॅमेरा बंद ठेवला तर कारण विचारू नका.