बाळंतपणाची रजा संपण्याआधीचे चार आठवडे

मुंबईतल्या नोकरदार आईला कामावरचा पहिला महिना जड जातो, कारण बहुतेक घरांत सगळी जमवाजमव शेवटच्या आठवड्यावर ढकललेली असते. पहिल्या दोन मुलांच्या वेळी कायद्याने 26 आठवड्यांची रजा मिळते, पण त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे रुजू होताना बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं, आणि बहुधा फक्त आईच्या दुधावर. म्हणून तयारी चार आठवडे आधी सुरू करा. वेळापत्रक मांडताना सगळ्यात आधी आईची झोप आणि जेवण लिहा. उरलेल्या वेळात बसवू म्हटलं तर ती कधीच बसत नाहीत. आई थकली की दूध काढायच्या वेळा चुकतात, आणि वेळा चुकल्या की दूध घटतं.

दूध काढणं आणि साठवणं

पहाटेचं पाजणं झाल्यावर तासाभराने, दिवसातून एकदा दूध काढायला लागा. सुरुवातीला 30 ते 60 मिली निघेल. बाळ पोटभर पिऊन झाल्यानंतरचं हे दूध आहे, त्यामुळे कमी निघालं म्हणून घाबरू नका. आई दूर असताना बाळाला तासाला साधारण 25 ते 30 मिली लागतं. डोंबिवलीहून फोर्टला जाऊन परत यायला दार ते दार अकरा तास धरले, तर सुमारे 300 मिली. फ्रीझर गच्च भरायची गरज नाही. दोन दिवसांपुरतं, म्हणजे 600 मिली हाताशी असलं की पुरे. पुढचं रोज ऑफिसात काढलेलं दूध दुसऱ्या दिवशी वापरायचं.

दूध काढायचा पंप लावल्यावर दुखत असेल तर बहुतेक वेळा स्तनावर बसणाऱ्या फनेलचं माप चुकलेलं असतं. स्तनाग्र नळीत मोकळं हललं पाहिजे, भोवतीची काळी त्वचा आत ओढली जाता कामा नये. ओढ अचानक कमी झाली तर मोटरला दोष देण्याआधी छोटी रबरी झडप बदलून पाहा.

दूध 60 ते 90 मिलीच्या डब्यांत, तारीख लिहून ठेवा. बाळाने उष्टं टाकलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं, नाहीतर फेकावं लागतं. डबे लहान असले की वाया कमी जातं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मागच्या बाजूला ठेवा. तिथे चार दिवस टिकतं. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांवर भरवसा ठेवू नये. बाहेर चार तास टिकतं हा नियम 25 अंशांपर्यंतचा आहे आणि मुंबई वर्षातला बराच काळ त्याहून गरम असते. म्हणून ऑफिसात दूध काढलं की लगेच बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत. तिथे 24 तास चालतं. लोकलच्या गर्दीत प्लास्टिकच्या पाऊचा फुटतात, तेव्हा फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या आणि पिशवी पोटाशी धरा.

गोठलेलं दूध आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवा, देताना कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको, गॅसवर उकळणं तर मुळीच नको. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण गाईचं दूध उकळायची सवय हाताला असते. वर साय आली म्हणजे दूध नासलं असं नाही, बाटली हलक्या हाताने फिरवा.

हे दूध बाळाला आईने देऊ नये. आईचा वास येतो तोवर बाळ बाटली झिडकारतं. बाबा किंवा आजीने द्यावं, आई दुसऱ्या खोलीत असताना. बाटलीच हवी असंही नाही. वाटी-चमचा किंवा बोंडलं चालतं.

ऑफिसशी बोलणी

तीन आठवडे आधी ईमेल लिहा. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन पाजण्याच्या सुट्या मिळण्याची तरतूद आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. पाळणाघर नसेल तर निदान कडी लागणारी खोली आणि फ्रिजमध्ये एक कप्पा मागा. स्वच्छतागृहात बसून दूध काढायला कुणी सांगितलं तर मान्य करू नका. दर तीन-चार तासांनी 15 ते 20 मिनिटं लागतात. मीटिंगसाठी दोन वेळा चुकल्या की स्तनात गाठ धरते. तसं झालं तर पाजणं सुरू ठेवा, थंड शेक द्या, जोरात चोळू नका. ताप आला, लाली पसरली किंवा दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा.

पाळणाघर

पाहायला संध्याकाळी पाचला जा, मुलं आणि मावशी दोघंही दमलेली असतात तेव्हा. एका मावशीकडे वर्षाखालची तीनपेक्षा जास्त बाळं असतील तर आम्ही दुसरं शोधायला सांगू. सवय लावताना आधी एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस. घराजवळचं निवडलं तर बाळाला गर्दीतून न्यावं लागत नाही, पण पावसात गाड्या थांबल्या की तुम्ही अडकता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि हजारो माणसं रात्रभर घरी पोचली नाहीत. चालत दहा मिनिटांत पोचतील अशा दोन माणसांची नावं पाळणाघरात लिहून द्या. जून ते सप्टेंबर एक जादा बाटली तिथेच फ्रिजमध्ये असू द्या.

आईचं खाणं, आईची झोप

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. डबे दोन न्या. दुसरा पाच वाजताचा: अळीवाचा लाडू, चणे-शेंगदाणे, केळं. गाडीत बसण्याआधी खा, कारण घरात पाऊल टाकताच बाळ अंगावर येतं आणि जेवण दहावर जातं. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून लिंबूपाण्याबरोबर घ्या. घरी आल्यावर हात धुवून आधी अर्धा तास बाळाला घेऊन बसा. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आल्या तरी चालतात.

रात्र दोघांत वाटा. साडेनऊ ते दोन आई झोपेल, साठवलेलं दूध बाबा देतील. सलग चार तास झोप मिळाली की दुसरा दिवस पेलतो. बाबांना ‘मदत कर’ म्हणण्यापेक्षा पूर्ण काम द्या: बाटल्या उकळणं, पाळणाघराची पिशवी, लसीच्या तारखा. आठवण करून देणंही मग त्यांचंच.

बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि घरच्यांनी आईला एकटं सोडू नये.

शक्य असेल तर गुरुवारी रुजू व्हा. दोन दिवसांत काय अडलं ते कळतं आणि शनिवारी दुरुस्त करता येतं: झडप बदलायची, डब्यांची संख्या वाढवायची, गाडीची वेळ पुढे-मागे करायची.