पत्रीतला धोत्रा ओळखायचा कसा

गणपतीच्या २१ पत्रींत वांग्याच्या कुळातल्या दोन आहेत, डोरली आणि धोत्रा. बाजारातल्या जुडीत त्यांची अदलाबदल ठरलेली. डोरलीचे काटे पानावर, धोत्र्याचे फळावर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. मधल्या शिरेवरून बोट फिरवताना टोचलं तर ती डोरली.

धोत्र्यासाठी मी विक्रोळीत आमच्या इमारतीमागच्या राबिटच्या ढिगावर जाते. शंकराला वाहतो म्हणून आपण त्याला इथलाच समजतो, पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचं मूळ अमेरिकेत मानतात. जायचं तिन्हीसांजेला. फूल तेव्हा उमलतं. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. पांढरा, जवळजवळ वीतभर कर्णा, तोंड वर. आता पान उलटं धरा. देठाशी त्याच्या दोन बाजू सारख्या जुळत नाहीत, एक जरा खाली उतरलेली असते. पान मऊ, राखट, लवदार लागलं तर तो इनॉक्सिया, ही धोत्र्याची एक जात. गुळगुळीत पान आणि फळावर आखूड, बोथट काटे असतील तर मेटल ही दुसरी जात. जांभळ्या फुलाचा काळा धोत्रा त्यातलाच. सासूबाईंना काळाच लागायचा. मी मिळेल तो आणते.

फळ धरलं असेल तर शंकाच नको. फुलाखालची हिरवी नळी बुडाशी गोल कापल्यासारखी तुटते आणि उरलेली झालर फळाच्या मानेला कॉलरसारखी चिकटून राहते. काटे बघून लोक एरंड म्हणतात, पण एरंडाला ही कॉलर नसते, शिवाय त्याचं पान पंजासारखं. इनॉक्सिया आणि मेटल या दोघांची फळं खाली मान घालतात. ताठ उभं राहून चार फाकांत उकलणारं, काळ्या बियांचं फळ धोत्र्याच्या तिसऱ्या जातीचं, स्ट्रॅमोनियमचं.

पानं हाताळली की हात साबणाने धुवा. एका वर्षी पत्री निवडता निवडता मी डोळ्यावरचा घाम पुसला आणि आरतीला उजव्या डोळ्याने पुस्तकातलं अक्षर दिसेना. बाहुली ही एवढी! डॉक्टर मेंदूच्या तपासण्या लिहायला लागले, तेव्हा मी धोत्र्याचं बोलले. डोळ्याची बाहुली मोठी करायला जे अ‍ॅट्रोपिन घालतात, ते यात असतंच.

आणि फळ घरात आणू नका. वाळलेलं बी पटकन बघितलं तर मिरचीचंच वाटतं, फक्त जास्त तपकिरी. ते विषारी आहे. मी फळं झाडावरच सोडते, पानं तेवढी आणते, तीही स्वयंपाकघरात न नेता थेट देव्हाऱ्याशी.