अतिनील प्रकाशाचे घरगुती खेळ: या चुका टाळा

दिवे मालवले, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च लावला आणि सगळे टॉनिक वॉटरच्या ग्लासकडे टक लावून बसले. ग्लास जांभळा दिसत होता. टेबलही जांभळं, आमचे चेहरेही जांभळे. "हे तर सगळंच सारखं दिसतंय," असं धाकट्याने जाहीर केलं आणि कार्यक्रम तिथेच आटोपला. ग्लास निळाशार उजळणार म्हणून मी आठवडाभर हवा केली होती.

टॉनिक वॉटरमध्ये काही खोट नव्हती. खोट होती टॉर्चच्या खोक्यावरच्या आकड्यात, आणि तो मी वाचलाच नव्हता.

टॉर्चचा आकडा न बघणं

बाजारात मिळणारे बहुतेक यूव्ही टॉर्च 395 किंवा 365 नॅनोमीटरचे असतात; हा आकडा म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण 400 च्या आसपास संपतो. म्हणजे 395 चा टॉर्च अगदी उंबरठ्यावर बसलेला, त्यामुळे त्यातून दिसणारा जांभळा प्रकाशही भरपूर सांडतो. वस्तूची स्वतःची चमक त्या जांभळ्यात बुडून जाते.

टॉनिक वॉटरच्या बाबतीत तर दुहेरी मार. त्यातलं क्विनाईन (कडू चव देणारा घटक) 350 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतं आणि 450 च्या आसपासचा निळा प्रकाश बाहेर टाकतं. 395 ला ते फारसं दाद देत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये नेमकं हेच पाहिलं होतं. प्रिझममधून पसरवलेल्या सूर्यप्रकाशात त्यांनी क्विनाईनच्या द्रावणाची नळी लाल टोकाकडून जांभळ्याकडे सरकवत नेली. बराच वेळ काही नाही. जांभळा संपत आल्यावर, आणि त्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना निव्वळ अंधार दिसतो तिथे नळी निळी उजळली. अशा चमकण्याला फ्लुओरेसन्स म्हणतात, तो शब्दही त्यांचाच, फ्लुओरस्पार या खनिजावरून घेतलेला.

तेव्हा टॉनिक वॉटर दाखवायचं असेल तर 365 चाच टॉर्च घ्या, शक्यतो पुढे काळी फिल्टर काच असलेला. लावल्यावर तो अगदी मरतुकडा वाटेल. वाटू द्या, त्याचं काम आपल्याला दिसण्याचं नाहीच. जमलं की ग्लासात चमचाभर मीठ ढवळून बघा. मिठातला क्लोराइड क्विनाईनची चमक मारतो आणि निळाई डोळ्यांदेखत उतरते. आमच्याकडे मुलांना उजळण्यापेक्षा हे विझणंच जास्त आवडलं.

395 वाला टॉर्च मात्र फेकू नका. फ्लुओरेसंट रंग, पिवळा हायलायटर, रबिंग अल्कोहोलमध्ये कुस्करलेला पालक यांना तो चांगला चालतो. पालकाचा हिरवा अर्क टॉर्चखाली रक्तासारखा लाल दिसतो. पालक पाण्यात उकळून हे जमत नाही, कारण हरितद्रव्य पाण्यात नीट उतरत नाही. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे जवळ मेणबत्ती किंवा गॅस नको.

मोबाइलच्या फ्लॅशवर चिकटपट्टी लावून ती निळ्या-जांभळ्या मार्करने रंगवायची युक्ती तुम्ही पाहिली असेल. त्यातून अतिनील प्रकाश येत नाही. मुळात फ्लॅशमध्येच तो नसल्यात जमा असतो. निळ्या प्रकाशावर पिवळा हायलायटर थोडा उजळतो, म्हणून युक्ती चालल्यासारखी वाटते, एवढंच.

जंतुनाशक दिवा आणणं

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जंतू मारणारे दिवे यूव्ही-सी म्हणजे सर्वांत कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचे, बहुधा 254 नॅनोमीटरचे असतात. त्यांचा फिकट निळा उजेड निरुपद्रवी वाटतो आणि त्रास लगेच जाणवतही नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल होते. वस्तूवर तरंगलांबी लिहिलेली नसेल तर ती घेऊच नका. 365 चा टॉर्चही कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. तो अंधुक दिसतो, म्हणून बाहुली आकसत नाही की पापणीही मिटत नाही. पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा साधा पारदर्शक असला तरी अतिनील अडवतो, तो लावा.

काळं कापड काळंच राहील असं समजणं

मागे पडदा म्हणून मी काळी चादर लावली. टॉर्च मारला तर चादरीवर निळ्या ठिपक्यांचं आकाश! धुताना चिकटलेले पांढऱ्या कपड्यांचे तंतू होते ते. बहुतेक डिटर्जंटमध्ये कपडे शुभ्र दिसावेत म्हणून ब्राइटनर घालतात आणि तो अतिनील प्रकाशात निळा चमकतो. चादर झटकून, वर चिकटपट्टी फिरवून घ्या. पांढरे शर्ट, कागद, दोरे टॉर्चच्या उजेडाबाहेर ठेवा.

जास्त रंग म्हणजे जास्त चमक?

उलट होतं. हायलायटरची कांडी थोड्याशा पाण्यात पिळली की गडद पाणी फक्त कडेला उजळतं, कारण प्रकाश आत पोचतच नाही. पाणी वाढवत जा, एका क्षणी अख्खी बाटली पेटल्यासारखी दिसते. निळे हायलायटर बऱ्याचदा चमकतच नाहीत, आधी तपासा. हे पाणी साबणात घालून चमकते फुगे करायचा नाद मात्र सोडा. फुग्याचा पडदा इतका पातळ असतो की उजळतो तो फक्त खाली लोंबणारा थेंब.

टॉर्च बंद केला की चमकही गेली पाहिजे. अंधारात नंतरही उजळत राहणारे तारे-स्टिकर वेगळ्या जातीचे, त्यांच्यात प्रकाश साठतो. आणि हायलायटरची शाई अंगावर लावू नका, त्यासाठी चेहऱ्याला चालणारे यूव्ही रंग वेगळे मिळतात.

गुप्त चिठ्ठी पांढऱ्या कागदावर डिटर्जंटने लिहिणं

काही दिसणार नाही, कारण छपाईचा पांढरा कागद स्वतःच निळा उजळतो आणि अक्षरं त्यात हरवतात. एक तर तपकिरी कागद घ्या, नाहीतर डाव उलटा करा: बोटाला यूव्ही-ए (365 चा टॉर्च देतो तोच अतिनील प्रकार) अडवणारं सनस्क्रीन लावा आणि पांढऱ्या कागदावर पातळ लिहा. सुकल्यावर साध्या उजेडात फारसं काही कळत नाही. 365 चा टॉर्च मारला की उजळलेल्या कागदावर अक्षरं काळी उमटतात. 395 ने बघाल तर पुन्हा सगळं जांभळं.