कोल्हापूर दोन दिवसांत, मुलांना घेऊन: या चुका टाळा

कोल्हापुरात घर असलं की शुक्रवारी रात्री पाहुण्यांचा फोन ठरलेला. "उद्या पहाटे निघतोय. अंबाबाई, राजवाडा, झू, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ... रविवारी संध्याकाळपर्यंत होईल ना सगळं?" होतं की. गाडीच्या काचेतून सगळं होतं.

गाव आटोपशीर आहे, अंतरं किरकोळ आहेत. वेळ जातो तो दर्शनाच्या रांगेत, गाडी लावायला जागा शोधण्यात आणि बंद दारासमोर. म्हणून काय बघायचं याची यादी नंतर करा, कुठल्या वेळी कुठे असायचं ते आधी ठरवा. एवढं साधलं तर बाकीच्या चुका निम्म्या होतात.

"चला, झूमध्ये वाघ दाखवतो" असं मुलांना सांगून निघणं

सर्वांत जास्त रडारड इथे होते. कोल्हापूरचं प्राणिसंग्रहालय म्हणजे कसबा बावड्याच्या रस्त्याला, नव्या राजवाड्याच्या आवारात असलेला छोटासा भाग. हरणं, पक्षी, बाजूला तळं, भरपूर झाडी. पुण्याचं कात्रज डोळ्यांसमोर ठेवून आलात तर अर्ध्या तासात "संपलं?" असा प्रश्न येणार. चार-पाच वर्षांच्या पोराला हरणं भरपूर झाली; दहा वर्षांच्या मुलाला आधीच खरं सांगून ठेवा.

वाघ राजवाड्यात आहेत, पण पेंढा भरलेले. तळमजल्यावरच्या शहाजी छत्रपती संग्रहालयात शिकारीची मोठी दालनं आहेत. वाघ, अस्वलं, गवे, भिंतीवर ओळीने शिंगंवाली मुंडकी, प्राण्यांच्या पायांपासून केलेल्या वस्तू. काचेचे डोळे नेमके लहान मुलाच्या उंचीवर येतात आणि काही मुलं तिथेच आईचा पदर धरतात. बाहेर जिवंत हरणाला गवत खाताना पाहून आलेलं मूल आत त्याच जातीचं मुंडकं भिंतीवर बघतं आणि विचारतं, "याला कुणी मारलं?" उत्तर तयार ठेवा. "पुढे चल" हे उत्तर नाही.

खरी गोष्ट सांगितली तर मुलं ऐकतात. त्या काळी शिकार हा संस्थानिकांचा रिवाज होता. शाहू महाराजांच्या पदरी तर शिकवलेले चित्ते होते. काळवीट दिसलं की डोळ्यांवरची पट्टी काढून चित्ता सोडायचे. पुढे तो चित्ता भारतातूनच नाहीसा झाला, १९५२ मध्ये तसं जाहीरही झालं. "म्हणून आता आफ्रिकेतून आणावे लागले" इथपर्यंत आलात की मुलं पुढच्या दालनात आपणहून चालू लागतात.

क्रमाबद्दल एक सूचना: आधी संग्रहालय, मग हरणं. उलट केलंत तर आतली शांतता मुलांच्याने सोसवत नाही. दरबार हॉलमध्ये मात्र घाई नको. तिथल्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. "कोणता प्रसंग ते ओळख" एवढं म्हणा, मूल मान वर करून उभं राहतं. इमारत १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली, चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाने काळ्या घडीव दगडात बांधलेली. आत फोटो काढू देत नाहीत. गेटवर हुज्जत घालू नका, मोबाइल खिशात घाला. दुपारची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी निघण्याआधी तपासून घ्या. गेटवरून परत फिरलेली कुटुंबं दर महिन्याला भेटतात.

मुलांना रानातलं जनावरच बघायचं असेल तर दाजीपूरचा गवा बघा. राधानगरी अभयारण्य १९५८ सालचं आहे आणि गव्यासाठीच ओळखलं जातं. पण ते शहरापासून सुमारे ८० किलोमीटर, पावसाळ्यात बंद, आणि पहाटेचं काम. या दोन दिवसांत ते कोंबू नका, त्यासाठी वेगळं या.

चप्पल एका दारात, बाहेर पडलो दुसऱ्या दाराने

अंबाबाईच्या देवळाला चार दिशांना चार दारं. पश्चिमेचं महाद्वार, उत्तरेचं घाटी दरवाजा. पाहुण्यांच्या तोंडी ही दोनच नावं येतात, आणि मग घोटाळा होतो. महाद्वाराशी चप्पल ठेवायची, दर्शन करून गर्दीबरोबर भलत्याच दाराने बाहेर पडायचं, आणि मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या फरशीवर अख्ख्या देवळाला बाहेरून वळसा. आजी बरोबर असेल तर हा विनोद राहत नाही. ज्या दाराने आत, त्याच दाराने बाहेर, हे घरातल्या प्रत्येकाकडून वदवून घ्या. चुकामूक झाली तर आवारातल्या दीपमाळेशी भेटायचं, हेही तेव्हाच सांगा. "देवळाजवळ भेटू" याला तिथे काही अर्थ नाही.

मंगळवार-शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस गर्दीचे. सकाळी लवकर गेलात तर देऊळ नीट दिसतं. बाहेरच्या भिंतीवरची दगडी शिल्पं बघायला रांगेतली माणसं कधी थांबत नाहीत, हे मला दरवेळी खटकतं. रांग आवाक्याबाहेर असेल तर मुखदर्शनाची वेगळी सोय आहे. लांबून, पण लवकर. तान्हं मूल कडेवर असताना गाभाऱ्याचाच हट्ट कशाला? आणि सूर्यकिरणं देवीवर पडताना बघायची असतील तर तारखा बघून या. किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांच्या आसपास असतो. एरवी मे महिन्यात येऊन पुजाऱ्यांना "किरणं किती वाजता?" विचारणारे पाहुणेही असतात.

गाडी देवळापर्यंत न्यायचा मोह सोडा. बिंदू चौकात जागा मिळाली तर तिथे लावा आणि चालत या. नाहीतर गाडी मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवून रिक्षा करा. जुन्या पेठांतले रस्ते जुने आहेत, गाड्या नव्या आणि रुंद आहेत.

झणझणीत म्हणजे काय, ते मुलावर आजमावणं

मिसळ मागवताना "कट वेगळा द्या" म्हणा. इथे कट म्हणजे वरचा तिखट रस्सा. तो वाटीत वेगळा आला की ज्याला झेपेल त्याने तेवढा घ्यावा. बरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. "पाव आणा" म्हणून वाद घालू नका. मिसळ सकाळी खायची. चांगल्या ठिकाणी दुपारपर्यंत भांडं रिकामं होतं. जिभेला आग लागलीच तर पाणी पिऊन उपयोग नाही. दही, ताक किंवा साखरेची चिमूट द्या.

मटणाच्या ताटात मुलांसाठी पांढरा रस्सा. नारळाच्या दुधाचा, मिऱ्याची हलकी चव असलेला. तांबडा बापाने प्यावा. आता एक घरगुती अडचण: बऱ्याच घरांत मटण खाऊन देवळात जात नाहीत. म्हणजे रविवारी दुपारी ताट हवं असेल तर दर्शन शनिवारी किंवा रविवारी पहाटेच उरकलेलं असलं पाहिजे. हे लक्षात न घेतल्यामुळे ऐन जेवणाच्या वेळी सासू-सून एकमेकींकडे बघत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

गंगावेशीत म्हैस समोर पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. तालमीतल्या पोरांचं ते रोजचं आहे. पण दूध कच्चंच असतं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देऊ नका. बघू द्या, तेवढ्यानेही मुलं खूश होतात.

रविवारी जोतिबा, मग पन्हाळा

रविवार हा जोतिबाचा वार. त्याच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीवर, गुलालाने माखलेली गर्दी असते, आणि त्याच रविवारी पन्हाळ्यावर सहलीच्या गाड्या. दोन्ही एकाच दुपारी करायला गेलात तर दिवस घाटात जातो. पन्हाळा शनिवारी सकाळी करा. शहरापासून साधारण २० किलोमीटर. आठच्या आत वर पोचलात तर तीन दरवाजा, अंधार बाव ही विहीर, सज्जा कोठी, अंबरखाना निवांत होतात. रविवारच हाताशी असेल तर पन्हाळा पहाटे आणि जोतिबा पुढच्या खेपेला.

पन्हाळ्यावर होणारी दुसरी चूक म्हणजे गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत बसायचं. गोष्ट सांगितली नाही तर मुलांना ते दगडच दिसतात. आणि इथे गोष्टींची ददात नाही. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, महाराजांच्या वेशात पालखीत बसलेला शिवा काशीद, आणि दुसऱ्या वाटेने विशाळगडाकडे निघालेले महाराज. किंवा १६७३ मध्ये अवघे ६० मावळे घेऊन गड जिंकणारा कोंडाजी फर्जंद. अंबरखान्याच्या प्रचंड कोठारात उभं राहून विचारा, "इथे धान्य भरलं तर वेढा किती दिवस झेलता येईल?" मोठी मुलं हिशेब मांडायला लागतात. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, हेही त्यांना सांगा.

अंधार बावेत उतरताना लहान मुलाचा हात सोडू नका. आत उजेड कमी, पायऱ्या ओल्या. पावसाळ्यात वर दाट धुकं असतं. दरी दिसत नाही म्हणून कठड्याच्या कडेला जाऊन डोकावू नका, धुकं विरेपर्यंत चहा-कणीस घ्या.

पाऊस लागला, किंवा वेळ उरला

हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावण्यापेक्षा टाऊन हॉलचं संग्रहालय बघा. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्या वस्तू इथे आहेत. त्यात ब्राँझची, वीतभरही नसलेली पोसायडनची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव कोल्हापुरात काय करत होता, असं मुलं विचारतील. व्यापार, म्हणा. सातवाहन काळात इथला माल कोकणातल्या बंदरांवरून पार तिकडे जायचा.

संध्याकाळ भवानी मंडप आणि खासबागेसाठी ठेवा. दोन्ही पायी होतात. खासबागचं कुस्ती मैदान शाहू महाराजांनी बांधवलं, १९१२ मध्ये पूर्ण झालं. मधला आखाडा खोलगट आणि भोवतीची बैठक चढती, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, त्यामुळे जुने फोटो बघून त्याच अपेक्षेने जाऊ नका. जवळच भेळेच्या गाड्या आहेत, तिथे "कमी तिखट" सांगितलं तर खरंच कमी देतात.

रंकाळ्यावर सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पोचा. रविवारी संध्याकाळी सातला गेलात तर पाण्यापेक्षा माणसं जास्त दिसतात.

नवी कोल्हापुरी घालून गड चढणं

चप्पल शेवटच्या दिवशी घ्या आणि पिशवीतच घरी न्या. नवं कातडं अंगठ्याशी चावतंच. घरी चार-पाच दिवस आतून खोबरेल तेल चोळून, रोज थोडा थोडा वेळ घालून चाला, म्हणजे पट्टे मऊ होतात. मापाला जरा घट्ट घ्या, वापरून सैल होते. दुकानदार "कातडं अस्सल आहे" म्हणेलच. तळ वाकवून बघा, वास घ्या, शिवण बघा. पावसात मात्र घालू नका. भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, आत कागदाचे बोळे घाला, वाळल्यावर पुन्हा तेल लावा.