पुण्याच्या पेठा पाहायच्या असतील तर घरातलं एक भांडं सोबत घ्या

पुण्यात कोणी पाहुणे येणार म्हटलं की त्यांच्या हातात एक यादी असतेच. शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, मिसळ, बाकरवडी, मस्तानी, सगळं एका दिवसात, शक्यतो रविवारी आणि गाडी घेऊन. ती यादी घेऊन निघालेली माणसं दुपारी दीड वाजता लक्ष्मी रस्त्यावर घामाघूम उभी असतात, निम्मी दुकानं बंद असतात आणि पुणं म्हणजे गर्दी एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. गेली बरीच वर्षं मी माहेरच्या आणि सासरच्या पाहुण्यांना पेठांतून फिरवते आहे. माझं सांगणं एकच आहे: पेठेत काम घेऊन शिरा. कल्हई, म्हणजे आतला कथलाचा मुलामा, उडालेलं पितळी पातेलं किंवा पोचा पडलेला तांब्या घ्या. कामासाठी आलेल्या माणसाशी पेठ बोलते.

१. वार आणि वेळ

कामाचा वार निवडा. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळा. तेव्हा कारागिराला मान वर करायला वेळ नसतो. गाडी घरी ठेवा. २०२४ च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडई या दोन्ही ठिकाणी थांबते, त्यामुळे गाडी आणायला कारणच उरलेलं नाही. सकाळी दहाच्या सुमारास कसबा पेठ स्थानकावर उतरा.

२. कसबा गणपती

पुण्याचं ग्रामदैवत. दर्शन घ्या आणि तिथल्याच कोणाला तरी तांबट आळी, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, विचारा. फोनमधला नकाशा गल्लीच्या तोंडापर्यंत नेतो, पुढे माणसंच लागतात. पेठांत पत्ता देवाच्या नावानं विचारायचा असतो. सोन्या मारुती म्हटलं की सराफांची वस्ती, पासोड्या विठोबा म्हटलं की जुना पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार. कुठे काय विकलं जायचं हे त्या नावांतच आहे.

३. तांबट आळी

इथे मी स्वतः चुकले होते, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्यांदा मी दोन मैत्रिणींना घेऊन गेले तेव्हा आमच्या हातात फक्त कॅमेरे होते. आळीत शिरताच ठोक्यांचा आवाज येत होता, एकाच्या मागे दुसरा, मध्ये कुठे खंड नाही. एका दारात एक काका घंगाळ मठारत बसले होते. आम्ही दारातच उभं राहून फोटो काढायला लागलो. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आमच्याकडे न बघता नुसते बसून राहिले. आम्ही दोन घरं पुढे गेल्यावर ठोके पुन्हा सुरू झाले. ते रागावले नव्हते, आमचं होईपर्यंत थांबले होते. पण त्यांचा कामाचा वेळ आम्ही घेतला होता आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं. ती गोष्ट मला फार लागली.

पुढच्या खेपेला सासूबाईंचं पितळी पातेलं घेऊन गेले. "काका, याला कल्हई होईल का?" एवढंच विचारलं. पातेलं उलटसुलट करून पाहिलं गेलं, बुडाशी बोट फिरलं, किती वर्षांचं आहे याची चौकशी झाली आणि बसायला पाट आला. तेव्हापासून मी रिकाम्या हातानं तिथे गेलेले नाही.

काम दिल्यावर थोडा वेळ बघत बसा, हवं असेल तर विचारून एखादा फोटो घ्या. मठारकाम म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोडीनं ओळीत पाडलेले ठोके. भांडं लोखंडी दांड्यावर उपडं घालून डाव्या हातानं तसूतसूनं फिरवत राहायचं आणि उजव्या हातानं ठोकत जायचं. ती नुसती नक्षी नाही. ठोकल्यानं तांबं कडक होतं, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही दणकट बनतं. हल्ली पत्र्याला आकार द्यायचं बरंचसं काम यंत्रावर होतं, पण मठारणं हातानंच चालतं.

आता खरेदी. घासाघीस करा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो इथे पाळू नका. तांब्या-पितळेची किंमत वजनावर ठरते आणि वर मजुरी. दोन्ही वेगवेगळं विचारा: "वजनाचा भाव काय, आणि मजुरी किती?" धातूचा भाव कारागिराच्या हातात नसतो. म्हणजे तुम्ही जे पैसे कमी कराल ते त्याच्या मजुरीतून जाणार. मला ते पटत नाही. परवडत नसेल तर लहान भांडं घ्या.

हातकाम ओळखायचं असेल तर अंगठा फिरवा. हातानं मठारलेले ठोके एकमेकांना लागून असतात, पण सगळे तंतोतंत सारखे नसतात. यंत्रावर उठवलेली नक्षी छापासारखी पुन्हा पुन्हा तीच येते. मग पोटाच्या बाजूला हलकंच दाबा. चांगलं मठारलेलं भांडं दबत नाही. आणि तांबं काळवंडणारच. एका चकचकीत दुकानातून मी हातकाम म्हणून घेतलेली पाण्याची बाटली वर्षभर जशीच्या तशी चमकत राहिली. वर लाखेसारखा लेप होता आणि ठोके यंत्राचे. कधीच काळं न पडणारं तांबं कोणी दाखवलं तर घेऊ नका.

४. त्रिशुंड गणपती

भांडं दिलंत की चालत सोमवार पेठेत जा. नागेश्वराच्या जवळ हे काळ्या दगडाचं देऊळ आहे. १७५४ मध्ये त्याचं काम सुरू झालं. गणपतीला तीन सोंडा, वाहन मोर. पण आत जायच्या आधी दर्शनी भिंत नीट बघा. तिथे गेंड्याला साखळदंडानं बांधणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. प्लासीची लढाई १७५७ ची, आणि त्याच सुमाराला पुण्यातला एक पाथरवट इंग्रजांना दगडात कोरत होता. या भिंतीपुढे मी पाहुण्यांना दहा मिनिटं तरी उभं करते.

५. मंडई

१८८६ ची इमारत, तेव्हाचं नाव रे मार्केट. या बांधकामाच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सदस्य म्हणून विरोध केला होता. आज तिला त्यांचंच नाव आहे. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून वर बघा. भाजी घ्यायची तर आताच घेऊ नका, दिवसभर ओझं होईल.

६. जेवण

एकच्या आत. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनची मिसळ किंवा केळकर रस्त्यावरच्या प्रभा विश्रांती गृहाचा बटाटेवडा. दोन्ही एकाच दिवशी नको.

७. एक ते चार

याच तीन तासांत लोक वैतागतात. दुकानं बंद असतात, ऊन असतं. पण बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दुपारी उघडं असतं, तेव्हा तिथे जा. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो सरकारला देऊन टाकला. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. सगळ्या बघायचा हट्ट धरू नका. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या आणि स्वयंपाकघरातली भांडी, एवढंच बघा. अडकित्त्यांपुढे सावकाश थांबा. सुपारी कातरायच्या एवढ्याशा हत्याराला कोणी घोड्याचा आकार दिलाय, कोणी माणसांची जोडी केलीय. सकाळी आळीत बसून आलेल्या माणसाला ही कपाटं वेगळी दिसतात, कारण प्रत्येक वस्तूमागचे ठोके त्यानं ऐकलेले असतात.

८. तुळशीबाग

चारनंतर. आधी आत शिरून राममंदिर बघा. बाजारातून वर्षानुवर्षं फिरलेल्या कितीतरी जणांनी ते पाहिलेलं नसतं. मग पितळी भातुकली बघा. बाहेरच्या पथारीवर घासाघीस चालते, आतल्या जुन्या दुकानांत एकच भाव.

९. भांडं परत घेणं

साडेपाचला पुन्हा तांबट आळीत. जमलं तर थोडं लवकर पोचा, म्हणजे कल्हई लागताना बघायला मिळेल. निखाऱ्यावर भांडं तापतं, चिमूटभर नवसागर पडतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी बुडाला टेकते आणि कापसाच्या बोळ्यानं एकच फेरा. काळपट पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. मग पाण्यात चर्रकन.

पैसे देण्याआधी भांडं उजेडात धरून काठाच्या आतली बाजू बघा, सुटलेली जागा तिथेच सापडते. दिसली तर सांगा, लगेच लावून मिळते. घरी आल्यावर आधी एकदा पाणी उकळून ओतून द्या, मगच स्वयंपाकाला घ्या. आणि पुढे कल्हई विरळ झाली की त्यात ताक-चिंच घालणं थांबवून भांडं पुन्हा आळीत न्या.