साग्रांतीनोच्या सेलरमधला पहिला हंगाम: साखर नंतर, आधी बी बघा

नाशिकची द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्च, इटलीची सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणून वाइनमेकिंग शिकणाऱ्याला एका वर्षात दोन हंगाम सहज करता येतात. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात मोन्तेफाल्को या डोंगरमाथ्यावरच्या गावी साग्रांतीनो द्राक्षाची वाइन करायला जाणार असाल, तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा: इथलं सगळं काम टॅनिनभोवती, म्हणजे साल-बियांतल्या तुरट द्रव्याभोवती फिरतं.

साग्रांतीनो हे लहान मण्यांचं, जाड सालीचं काळं द्राक्ष. मोन्तेफाल्को आणि लगतच्या मोजक्या गावांच्या शिवारात ते पिकतं. 1960च्या दशकात ही जात संपत आली होती. 1992मध्ये तिच्या वाइनला डीओसीजी, म्हणजे इटलीतला वाइनचा सर्वोच्च हमीचा दर्जा मिळाला. त्या नावाने बाटली भरायची तर 100 टक्के साग्रांतीनोच लागतं. दुसरी मऊ जात मिसळून तुरटपणा झाकण्याची सोय नाही. तो तुरटपणा म्हणजे कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड आवळतं, तसला.

बिनबियांच्या द्राक्षांत वाढलेला माणूस बागेत शिरला की रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र काढतो. इथे ते पुरत नाही. साखर 25 ब्रिक्स (रसातलं साखरेचं शेकडा प्रमाण) आली तरी बी हिरवी असू शकते, आणि हिरव्या बीचा कडवटपणा पुढे कुठल्याही पिंपात मुरवून निघत नाही. दर ओळीतून, घडाच्या वरचे, खालचे, सावलीतले असे मिळून शंभरेक मणी घ्या. बिया सोलून तळहातावर ठेवा. पूर्ण तपकिरी हव्यात. दाताखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारख्या कटकन फुटायला हव्यात. गर चिकटून राहत असेल तर थांबा. तोडणी साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबते, आणि तेव्हाच पावसाची धास्ती असते. थांबायचं की तोडायचं, हे मुख्य वाइनमेकर ठरवतो. तुम्ही बियांचा हिशेब चोख द्या.

देठ काढताना यंत्राचे रोलर सैल ठेवा. मणी फुटला पाहिजे, बी चिरडता कामा नये. रस खराब होऊ नये म्हणून सल्फाइट (सल्फर डायऑक्साइड) लिटरला 40 मिलिग्रॅम द्यायचं, तर 100 लिटरला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सुमारे 7 ग्रॅम लागतं. कारण त्या पावडरीत सल्फर डायऑक्साइड 57 टक्केच असतो. इथे नवखे हमखास चुकतात.

आंबवण 25 ते 28 अंशांवर चालू द्या. रंग आणि सालीतलं टॅनिन पहिल्या दिवसांत उतरतं. बियांतलं मात्र अल्कोहोल चढेल तसं वाढत जातं. म्हणून सालींचा थर ओला ठेवण्याची मेहनत सुरुवातीला करायची, शेवटी हात आखडायचा. पंपाने वर रस फिरवणं म्हणजे ‘रिमोन्ताज्जो’: आधी दिवसातून दोन-तीनदा, साखर निम्म्यावर आली की एकदा, तेही हलक्या धारेने. दुसरा उपाय ‘देलेस्ताज’: टाकीतला सगळा रस चाळणीवरून दुसऱ्या टाकीत काढायचा, सालींचा थर तासदीड तास स्वतःच्या वजनाने दबू द्यायचा, मग रस अलगद परत. सैल झालेल्या बिया चाळणीत अडकतात, त्या फेकून द्या. चाळणी भरून बिया निघाल्या, तर तेवढा कडूपणा बाहेर गेला.

कुजक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला नायट्रोजन कमी पडतोय. रसात तो लिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधीच तयारीत राहा. 100 लिटरला 20 ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) नायट्रोजनात लिटरला सुमारे 42 मिलिग्रॅमची भर घालतं. अर्धं सुरुवातीला, अर्धं एक तृतीयांश साखर संपल्यावर. त्यानंतर टाकलेलं यीस्ट नीट घेत नाही.

चोथा काढायला टाकीत उतरण्याआधी हवा तपासणारं यंत्र आणि बाहेर उभा दुसरा माणूस, दोन्ही हवेच. एक लिटर रसातून 50 लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो खाली साचतो. ‘पटकन वाकून बघतो’ म्हणणारा सहकारी भेटला, तर त्याला हाताला धरून मागे ओढा.

पुढे सगळा वाट पाहण्याचा कारभार. नियमाने 37 महिने मुरवण, त्यातले निदान 12 लाकडात. नवं, लहान पिंप स्वतःचं टॅनिन वर चढवतं. म्हणून मोठे, जुने पिंप बरे, असं आमचं मत. पिंप दर पंधरवड्याला काठोकाठ भरा. पीएच 3.5 असताना मोकळं (वाइनमध्ये बांधलं न गेलेलं) सल्फाइट लिटरला 40 मिलिग्रॅम जे काम करतं, त्याला 3.8 पीएचवर जवळपास 80 लागतात. पीएच न मोजता ठरावीक चमचा घालणाऱ्या सेलरमध्येच ब्रेटानोमायसिस या वाइन बिघडवणाऱ्या यीस्टचा तबेल्यासारखा वास शिरतो.

सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन ‘पास्सीतो’ ही इथली जुनी तऱ्हा; ईस्टरच्या कोकराच्या जेवणाबरोबर ती पितात. घड ‘ग्रातिच्ची’ नावाच्या जाळीच्या फळ्यांवर निदान दोन महिने सुकवतात. एकावर एक घड कधीच ठेवू नका. रोज फेरी मारा, आणि बुरशी धरलेला मणी दिसला की छोट्या कात्रीने तेवढाच काढा, कारण ओलसर रात्रीत तो शेजारच्या चार मण्यांना लागतो.