रशटनचं त्रिकोणी घर बघायला जाताना

लंडनच्या सेंट पॅन्क्रसहून रेल्वेने केटरिंगला उतरा, पुढे रशटन गावापर्यंत टॅक्सी. उघडण्याचे दिवस आधी बघून घ्या.

आत शिरायची घाई नको. आधी सावकाश प्रदक्षिणा घाला आणि मोजत चला: तीन भिंती, प्रत्येक सुमारे ३३ फुटांची, तीन मजले, प्रत्येक बाजूला तीन त्रिकोणी शिखरं. हे घर बांधणारा सर थॉमस ट्रेशम कॅथलिक; प्रोटेस्टंट राजवटीच्या इंग्लंडमध्ये धर्मापायी वर्षानुवर्षं कैद भोगलेला. सुटल्यावर १५९३ ते १५९७ मध्ये त्याने त्रैक्यावरची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावरची, श्रद्धा अशी दगडात मांडली. दारावरच्या लॅटिन ओळीत 'त्रेस', म्हणजे तीन, हा शब्द शोधा. बायको पत्रांत त्याला लाडाने हेच म्हणायची! तिथे मी कितीतरी वेळ उभी होते.

दुर्बीण मात्र न्याच. माझी घरी राहिली, आणि वरची अक्षरं वाचायची राहून गेली.